संगणकातल्या दस्ताला मोर्तब कोण लावणार?

घरातले जुने कागद कसे जपावेत, यावर गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर पत्रं भरपूर आली, पण निम्म्याहून जास्त पत्रांत कागद नव्हताच. सीड्या, ईमेल, डिजिटल सहीचे उतारे, कॅमेऱ्याचं चित्रीकरण यांबद्दलच लोकांनी विचारलंय. मला त्याचं बरं वाटलं. माझी एकतीस वर्षं दप्तरखान्यात गेली. पहिली बारा मोडीच्या रुमालांत, म्हणजे जुने कागद बांधून ठेवलेल्या कापडी गाठोड्यांत, आणि पुढची सगळी संगणकाच्या विभागात. कसर लागलेल्या कागदाची काळजी सगळे करतात, कारण कसर डोळ्यांना दिसते. फाइलला लागलेली कसर दिसत नाही. म्हणून हा अंक पूर्ण याच पत्रांसाठी.

प्रश्न : आमचं वाचनालय १९९७ ते २००८ पर्यंत दिवाळी अंक काढत असे. काम पेजमेकर या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरवर आणि त्या वेळच्या मराठी फॉन्टमध्ये व्हायचं. आता त्या सीड्या उघडल्या तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. कार्यकारिणीतल्या एका तरुणाने कन्व्हर्टर वापरून सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांत, आणला आहे. त्यामुळे सीड्या टाकून द्याव्यात असा ठराव येतो आहे. मूळ प्रत कोणती समजायची? – ग्रंथपाल, जि. अहिल्यानगर

उत्तर : ग्रंथपालबाई, तो ठराव आधी थांबवा. बाकीचं निवांत वाचलंत तरी चालेल.

तुम्हाला दिसतो तो खिचडा म्हणजे बिघाड नाही. त्या सीडीवर पहिल्यापासून तेच होतं. श्रीलिपी, आयएसएम किंवा त्या काळातला दुसरा कुठलाही डीटीपीचा फॉन्ट घ्या, फाइलमध्ये साठवलेली असायची इंग्रजी अक्षरांची सांकेतिक जागा आणि त्या जागेवर फॉन्ट ‘क’ किंवा ‘ळ’चं चित्र काढायचा. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाण १९९१ मध्ये ठरलेलं होतं, पण छपाईच्या धंद्यात प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची मांडणी वेगळी राहिली. एकाच्या फॉन्टमध्ये जिथे ‘म’ तिथे दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये काना. म्हणजे तुमचा दिवाळी अंक दोन तुकड्यांत आहे : अर्धा सीडीवरच्या फाइलमध्ये आणि अर्धा त्या फॉन्टमध्ये. यातला एक तुकडा हरवला की दुसऱ्याला अर्थ राहत नाही.

आता त्या मुलाच्या कामाबद्दल. त्याने मेहनत घेतली आहे, त्याचं मनापासून कौतुक करा. पण कन्व्हर्टर हा लेखनिक आहे, आणि लेखनिकाने उतरवलेली प्रत मूळाशी ताडून पाहावी लागते. मराठीत तर फारच. आपल्या शाळेतल्या बाईंनी शिकवलेलं उदाहरण आठवा : ‘आचार्यास जेवायला बोलावले’ आणि ‘आचाऱ्यास जेवायला बोलावले’. पहिल्यात गुरुजी जेवतात, दुसऱ्यात स्वयंपाकी. फरक एवढाच की एका जागी रफार आहे आणि दुसऱ्या जागी तो आडवा, पापणीसारखा र. युनिकोडमध्ये या र साठी वेगळी तजवीज करावी लागते आणि पुष्कळ कन्व्हर्टर ती करत नाहीत. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि सह्याद्रीवरच्या लेखात समुद्र शिरतो. शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअरही इथे कामाला येत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच आहेत. मी असे लेख वाचलेत. ते वाचताना कुठेही अडखळायला होत नाही, आणि भीती त्याचीच आहे.

म्हणून एकच प्रत ‘मूळ’ ठरवून बाकीच्या फेकू नका. प्रत्येक प्रत वेगळी साक्ष देते. पेजमेकरची फाइल आहे तशी, एका अक्षराचाही बदल न करता, हार्डडिस्कवर उतरवा. शेजारी तो फॉन्ट ठेवा. छापखान्याच्या जुन्या संगणकावर तो अजून असेल, तर याच महिन्यात जाऊन घ्या. पेजमेकर अजून चालू असलेला एखादा संगणक मिळाला, तर तिथूनच प्रत्येक अंकाची पीडीएफ-ए करून घ्या. पीडीएफ-ए म्हणजे २००५ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने खास दीर्घकाळ जपणुकीसाठी ठरवलेला पीडीएफचा प्रकार. त्यात फॉन्ट फाइलच्या आतच बसवावा लागतो, त्यामुळे वीस वर्षांनीही पान जसं होतं तसं दिसतं. पण जुन्या फॉन्टची ही पीडीएफ दिसायला मराठी असली, तरी तिच्यात शब्द शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण आत अजून तीच इंग्रजी चिन्हं आहेत. शोधण्यासाठी त्या मुलाचा युनिकोड मजकूर लागणार. म्हणजे पीडीएफ रूप जपते, युनिकोड मजकूर शब्द जपतो, आणि या दोन्हींवर शंका आली तर पंच म्हणून मूळ फाइल आणि छापील अंक. छापील अंकाची निदान एक प्रत कपाटात आहे ना? असेल तर ती वाचायला देऊ नका.

यानंतरचं काम सगळ्यात कमी वेळाचं आहे आणि नेमकं तेच कुणी करत नाही. फाइलींच्या शेजारी एक साधी टिपणी लिहा. मी नमुना देते : ‘सीडी क्र. ४, दिवाळी अंक २००१. दि. अमुक रोजी अमुक यांनी सीडीवरून हार्डडिस्कवर उतरवली. फाइली १८, पैकी २ उघडल्या नाहीत. अमुक कन्व्हर्टरची अमुक आवृत्ती वापरून युनिकोड केला. पृष्ठ १ ते ४० छापील अंकाशी ताडून पाहिली, पुढची पाहिलेली नाहीत.’ शेवटचं वाक्य संकोच न करता लिहा. ‘पाहिलेली नाहीत’ असं लिहिणाऱ्याच्या इतर नोंदींवर पुढचा अभ्यासक डोळे मिटून विश्वास ठेवतो.

प्रश्न : डिजिटल सहीचा सातबारा डाउनलोड करून त्याची रंगीत प्रिंट लॅमिनेट करून ठेवली. मोबाईलमधली फाइल काढून टाकली. चालेल ना? – शेतकरी, जि. सातारा

उत्तर : दादा, लॅमिनेट केलेला कागद बांधावर दाखवायला ठीक आहे. पण सही त्या कागदावर नाही. कागदावर दिसतं ते सहीचं चित्र. खरी सही म्हणजे फाइलच्या आत गुंफलेलं गणित. फाइलमधला एक आकडा जरी कुणी बदलला, तरी ते गणित जुळत नाही आणि संगणक तसं सांगतो. प्रिंट काढली की गणित मागेच राहतं. उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक टाकून तो सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो, म्हणून तुमचं आज काही बिघडलेलं नाही. पुन्हा डाउनलोड करा, फाइलचं नाव गट नंबर आणि तारीख असं ठेवा, आणि एक प्रत मुलाच्या ईमेलवर पाठवून द्या. ती फाइल दुसऱ्या ॲपमध्ये उघडून ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘प्रिंट टू पीडीएफ’ करू नका. तसं केलं की तिचीही नक्कल होते. डिजीलॉकरचंही असंच : तिथे खात्याने स्वतः दिलेला दाखला आणि तुम्ही फोटो काढून चढवलेला दाखला, या दोहोंची किंमत सारखी नाही.

प्रश्न : मी एका विश्वस्त संस्थेची चिटणीस आहे. महत्त्वाचे ईमेल आम्ही छापून फाइलला लावतो आणि वर्षअखेरीस इनबॉक्स रिकामा करतो. नव्या विश्वस्तांचा याला विरोध आहे. कागद जास्त टिकतो, असं मला वाटतं. – दादर, मुंबई

उत्तर : ताई, कागद जास्त टिकतो हे तुमचं म्हणणं खरं आहे. तरी या वादात मी नव्या विश्वस्तांच्या बाजूला उभी आहे.

हाच वाद अमेरिकेत व्हाइट हाउसपर्यंत गेला होता. १९८० च्या दशकात तिथे प्रॉफ्स नावाची आयबीएमची ईमेल व्यवस्था होती. इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवल्याचं इराण-काँट्रा प्रकरण बाहेर येऊ लागलं तेव्हा, नोव्हेंबर १९८६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सुरक्षा परिषदेतले ऑलिव्हर नॉर्थ आणि जॉन पॉइंडेक्स्टर यांनी आपापल्या पत्रव्यवहारातले संदेश पुसले. बॅकअपच्या टेपांवर ते राहिले होते आणि चौकशीत तेच हाती लागले. पुढे जानेवारी १९८९ मध्ये रेगन यांची कारकीर्द संपताना त्या टेपा पुसल्या जाऊ नयेत म्हणून पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह ही संस्था न्यायालयात गेली. सरकारचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं : महत्त्वाचं छापून ठेवलं की पुरे. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने ते नाकारलं. छापलेल्या कागदावर मजकूर येतो, पण तो कुणाकुणाला गेला, कुणाला केव्हा पोचला, हे येईलच असं नाही. संदेश एखाद्या यादीच्या नावाने गेला असेल, तर त्या यादीत त्या दिवशी कोण कोण होतं, हे तर येतच नाही. आणि चौकशीत प्रश्न तोच असतो : हे कुणाला ठाऊक होतं आणि केव्हापासून?

आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या, म्हणजे २००० सालच्या कायद्याच्या, कलम ७ मध्ये हीच अट आहे. इलेक्ट्रॉनिक अभिलेख जपायचा तर तो कुठून निघाला, कुठे पोचला आणि पाठवल्या-मिळाल्याची तारीख-वेळ काय, हा तपशीलही जपला पाहिजे.

छपाई चालू ठेवा. बैठकीत वाचायला कागदच बरा. पण इनबॉक्स रिकामा करण्याआधी तो पूर्ण उतरवून घ्या. बहुतेक सेवांमध्ये एमबॉक्स किंवा ईएमएल या प्रकारात तशी सोय असते. जोडलेल्या फाइलीही त्यासोबत येतात. आणि संस्थेचा पत्रव्यवहार चिटणीसांच्या खासगी ईमेलवरून होत असेल, तर आधी ते बंद करा. चिटणीस बदलले की दप्तर घरी जातं, हा अनुभव महाराष्ट्रातल्या कुठल्या संस्थेला नाही?

प्रश्न : मी इतिहासात एमए करते. जुन्या कागदाला शाई, वळण, शिक्का असतो, म्हणून अस्सल आणि नक्कल ओळखता येते. फाइलच्या मूळ आणि प्रतीत काडीचा फरक नसतो. मग संगणकातल्या कुठल्याही गोष्टीला ‘अस्सल’ म्हणायचं तरी कसं? – विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. या प्रश्नाशी मी निम्मं आयुष्य झगडले आहे.

आधी मोडीच्या पत्राकडेच बघ. वर शिक्का. मजकूर संपला की तिथे मोर्तब, म्हणजे ‘लेखनसीमा’ किंवा शिवछत्रपतींच्या पत्रांवर ‘मर्यादेयं विराजते’. मजकूर इथे संपला, याखाली कुणी ओळ घुसडायची नाही, हा त्याचा अर्थ. पत्र लांब असेल तर कागदाला कागद डकवलेले असतात आणि पाठीमागे प्रत्येक सांध्यावर शिक्का, म्हणजे मधला बंद, अर्थात डकवलेला कागद, काढून दुसरा लावता येऊ नये. मग ‘सुरू सूद’, ‘बार’ अशा खुणा : दफ्तरात नोंद होऊन पत्र पुढे गेलं. यातली एकही गोष्ट मजकुराची शोभा वाढवण्यासाठी नाही. कुणी लिहिलं, कुठे संपलं, मध्ये काही बदललं का, कुठल्या वाटेने गेलं, या प्रश्नांची ती उत्तरं आहेत. आणि सगळ्यात मोठी खूण तर कागदावर नसतेच. ते पत्र ज्या रुमालात, ज्या पत्रांच्या आगेमागे असायला हवं तिथे सापडलं, ही ती खूण. जुन्या बाजारात सुटं मिळालेलं पत्र कितीही देखणं असो, आमच्या जुन्या अधिकारी बाई ते हातात घेऊन पहिला प्रश्न विचारायच्या, ‘आलं कुठून?’

युरोपात या विद्येचा पाया झाँ माबियाँ या फ्रेंच भिक्षूने १६८१ मध्ये घातला. खऱ्या-खोट्या सनदा ओळखण्यासाठी त्याने ग्रंथ लिहिला. तीनशे वर्षांनी कॅनडातल्या व्हँकूवरच्या विद्यापीठात लुचिआना दुरांती या अभिलेखतज्ज्ञ बाईंनी तीच विद्या संगणकातल्या नोंदींना लावली आणि १९९९ मध्ये इंटरपॅरेस नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प उभा केला. त्यांच्या मांडणीत अस्सलपणाचे दोन खांब आहेत : ओळख आणि अखंडता. हा दस्त कुणाचा, केव्हाचा, कुठल्या व्यवहारातला, ही ओळख. आणि त्याच्या आशयाला धक्का लागलेला नाही, ही अखंडता.

त्यांचा एक निष्कर्ष मी माझ्या टेबलावर चिकटवून ठेवला होता. इलेक्ट्रॉनिक अभिलेख आपण जपूच शकत नाही, तो पुन्हा घडवण्याची क्षमता तेवढी जपू शकतो. तबकडीवर पत्र नसतं, खुणा असतात. तू फाइल उघडतेस तेव्हा दर वेळी ते पत्र नव्याने बांधलं जातं. म्हणून तू म्हणतेस तसं मूळ आणि प्रत यांत फरक नाही हे खरं, पण मग अस्सलपणा शोधायचा तो वस्तूत नाही, तिच्या सांभाळात. कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली, प्रत्येक हाताने काय केलं, याची साखळी कुठे तुटलेली नाही ना?

ती तुटते तेव्हा काय होतं, ते मी पाहिलंय. कोयनेच्या धरणात गाव गेलेल्या एका आजोबांची मुलाखत आमच्याकडे सीडीवर आली होती. २००३ सालची गोष्ट. आठ वर्षांनी ती सर्व्हरवर चढवताना दोन फाइली निघाल्या. एक सत्तेचाळीस मिनिटांची, दुसरी त्रेचाळीस. लांब फाइलमध्ये मोबदल्याच्या पैशांबद्दल आणि गावातल्या एका घराण्याबद्दल चार मिनिटं आहेत, छोटीत नाहीत. ती कुणी काढली? आजोबांनीच नंतर ‘एवढं नको’ म्हटलं? घरच्यांनी? की मुलाखत घेणाऱ्याने कार्यक्रमासाठी छाटली? कुठेही एक ओळ लिहिलेली नव्हती, आणि नोंद घेण्याचं काम माझ्या विभागाचं होतं. आजोबा तोवर गेले होते. आवाज दोन्हींत स्वच्छ आहे, एकही खरखर नाही. तरीही ती चार मिनिटं अभ्यासकाला द्यावीत की नाहीत, हे आम्ही ठरवू शकलो नाही. आजोबांनी ती मागे घेतली असतील तर देणं हा विश्वासघात, आणि दुसऱ्या कुणी दाबली असतील तर न देणं हा अन्याय. आजही त्या नोंदीपुढे ‘दोन पाठ, परस्परसंबंध अज्ञात’ असं लिहिलेलं आहे. ते वाक्य मीच लिहिलं, आणि लिहिताना हात जड झाला होता.

हे काम नीट होऊ शकतं, याचा दाखला पुण्यातच आहे. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या पुणे केंद्राने डिजिटालय नावाची अभिलेख जपणुकीची प्रणाली तयार केली. तिच्या आधाराने उभ्या राहिलेल्या, दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्‌श्राव्य संग्रहाला २०१७ मध्ये आयएसओ १६३६३ हे विश्वासार्ह भांडाराचं प्रमाणपत्र मिळालं. जगात ते मिळवणारा तो पहिला संग्रह. प्रबंधाला विषय शोधत असशील तर मोडीच्या खुणा आणि आजची ही मानकं शेजारी मांडून बघ. मला वाचायला आवडेल.

प्रश्न : आमच्या दूध संस्थेत फॅट मोजण्यावरून भांडण झालं. सगळं कॅमेऱ्यात आहे. अध्यक्ष म्हणतात, ‘स्क्रीनचं मोबाईलवर शूटिंग करून ग्रुपवर टाकलंय, पुरावा झाला.’ प्रकरण कोर्टात जाईल असं दिसतं. एवढं पुरेल का? – सभासद, जि. सोलापूर

उत्तर : नाही पुरणार. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि मूळ फाइलचा तपशील गळतो. त्यात हे तर स्क्रीनचं चित्रीकरण, म्हणजे नकलेची नक्कल.

असाच एक खटला आपल्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला का, असा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण हा मुख्य पुरावा होता. चित्रीकरणाच्या प्रती मिळाल्या, पण त्यासोबत कायद्याने लागणारं, ही प्रत कुठल्या यंत्रातून कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र मागूनही मिळेना. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जुलै २०२० मध्ये निकाल लागला : मूळ यंत्रच न्यायालयात आणलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच. मात्र पक्षकाराने ते मिळवण्यासाठी करता येईल ते सगळं केलं असेल, तर त्याला त्याची शिक्षा नको.

तेव्हा पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे आणि आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत : एक पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीने काढला तर चौसष्ट अक्षर-आकड्यांचा असतो. चित्रफितीतला एक ठिपका बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. मुलीला वर मोर्तबाबद्दल लिहिलं ना, त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी वस्तू आज हीच आहे. एसएचए-१ आणि एमडी-५ या जुन्या पद्धतींवर थांबू नका. २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या आणि गुगलच्या संशोधकांनी एसएचए-१ चा एकच ठसा असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ करून दाखवल्या आहेत.

करायचं ते असं. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमधून तो भाग मूळ स्वरूपात पेनड्राइव्हवर घ्या, दोन सभासदांसमोर. रेकॉर्डरचं घड्याळ आणि खरी वेळ यांत किती मिनिटांचा फरक आहे, तो तिथेच कागदावर लिहा. वकील नंतर नेमका त्यावर बोट ठेवतात. हॅश काढा, कागदावर उतरवा, दोघांच्या सह्या घ्या. तो पेनड्राइव्ह पाकिटात बंद करून ठेवा आणि बघायला दुसरी प्रत वापरा. मग वकिलांना गाठा.

आणि एक. रेकॉर्डरची जागा भरली की जुन्या चित्रीकरणावर नवं चढतं. लहान संस्थांत बहुधा पंधरा दिवस ते महिनाभरात. तुमच्या पत्रावरची तारीख बघितली तर ते माझ्या हाती पडायलाच अकरा दिवस गेले होते. अंक छापून येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं, म्हणून एवढा मजकूर त्याच संध्याकाळी तुम्हाला वेगळा पाठवला. मिळाला असेल आणि फाइल उतरवून झाली असेल, तर दोन ओळी कळवा.